आवाज नाही

सकाळचे ऊन त्या घरात सरळ कधी येतच नसे. समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक खिडकी होती. तिची काच नेहमी अर्धवट उघडी असे, आणि त्या काचेवर आपटून, वळून, आपला कडकपणा वाटेतच कुठेतरी ठेवून ते ऊन त्या घराच्या स्वयंपाकघरात उतरे. त्यामुळे ते उन्हासारखे कमी आणि कुणीतरी सांगितलेल्या उन्हाच्या हकिकतीसारखे जास्त वाटे. आधी ते ओट्यामागच्या फरशीवर एक तिरका चौकोन काढी. मग तो चौकोन सरकत सरकत कपांच्या फळीवर जाई, टवका उडालेल्या कपाच्या कडेवर क्षणभर अडखळे, भिंतीच्या रंगाला आलेल्या फुगाऱ्याला चिमूटभर सावली देई, आणि साडेसातच्या सुमाराला टेबलाशी बसलेल्या वडिलांच्या उजव्या कानावर येऊन थांबे. मग तो कान आतून उजळल्यासारखा दिसे. लालसर, पातळ, कोवळ्या पानासारखा. त्यातली शीर न शीर मोजून घ्यावी. मुलगा सव्वीस वर्षांचा झाला तरी हे रोज पाही, कारण वडिलांकडे इतक्या जवळून आणि त्यांच्या नकळत बघता येण्याची दिवसातली तेवढीच वेळ होती. त्या दिवशीही ऊन कानावर आले. त्याच वेळी शेगडीवरची किटली शिट्टी घालू लागली. वडिलांच्या हातापासून ती वीतभर अंतरावर होती. पण ते टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने एका रेषेत लावत राहिले. नेहमीप्रमाणे तोच उठला आणि त्याने शेगडी बंद केली. वडील विचारात आहेत, असे त्याने स्वतःला सांगितले. हेही नेहमीप्रमाणेच.

एका जुन्या छापखान्यात तो वाचक होता. तिथे दोघे जण समोरासमोर बसत. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील कागदावरून नजर फिरवत चुका धरायच्या. मोठ्याने वाचायचे काम त्याचे. तो स्वल्पविरामही वाची, अवतरणचिन्हेही वाची, आणि दिवसाला चाळीस-पन्नास पाने दुसऱ्यांची वाक्ये बोलून झाली की संध्याकाळी स्वतःचे एखादे वाक्य बोलायला त्याच्या घशात जागा उरत नसे. मूळ आणि प्रत जुळली की काम संपले. मूळ खरे की खोटे हे बघणे त्या टेबलावर कुणाकडेच नव्हते. त्याच सरावलेल्या, सपाट, स्वच्छ आवाजात त्याने त्या सकाळी वडिलांना अर्ज वाचून दाखवला. तीन महिने रात्रंदिवस मनात घोळवून, चार वेळा खाडाखोड करून लिहिलेला तो अर्ज होता. वडील खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. दुसरे पान संपले, श्वास घ्यायला तो थांबला, आणि वडील वळून म्हणाले, "छान लिहिलंयस. सगळं आलं त्यात."

अजून एक परिच्छेद वाचायचा राहिला होता. तो त्याच्या स्वतःच्या साक्षीचा होता. तो न वाचताच त्याने कागदाची घडी घालून ती पिशवीत ठेवली.

प्रकरण चार वर्षांपूर्वीचे होते. वडील लिफ्टचे मिस्त्री. उभा जन्म त्यांनी इमारतींच्या पोटात आणि माथ्यावर काढला. खाली खड्ड्यात, नाहीतर वर गच्चीवरच्या यंत्राच्या बिनखिडकीच्या खोलीत. बिघडलेली लिफ्ट ते नुसती ऐकून ओळखत. पेचकसाचे टोक यंत्राच्या अंगाला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे; मग ते सांगत की बेअरिंग अजून दोन महिने काढेल, किंवा आठ दिवस. बरोबरचे मिस्त्री त्यांना 'कानसेन' म्हणत, आणि ते ऐकले की आई घरी फुशारून जाई. मग एका चार मजली इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तक्रार केली, की मजल्यावर थांबताना लिफ्ट बारीक किंचाळते. वडील गेले, तपासून आले, तिथल्या वहीत 'आवाज नाही' अशी नोंद झाली. नवव्या दिवशी बाई तिसऱ्या मजल्यावर बाहेर पडत असताना लिफ्ट दोन हात खाली घसरली. ब्रेकचे अस्तर झिजून पत्र्याला पत्रा लागला होता, असे चौकशीत निघाले. आणि तसे झाले की आधी आवाज येतोच येतो, असेही निघाले. बाईंचा उजवा घोटा गेला. वडिलांच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शेरा पडला आणि मुदतीआधी पाच वर्षे त्यांना घरी बसवण्यात आले. त्या शेऱ्याविरुद्ध दाद मागण्याची शेवटची तारीख आज होती, दुपारी चारपर्यंत, अर्जदार आणि साक्षीदार दोघांनी समक्ष येऊन. अर्जाचा सारा डोलारा एकाच खांबावर उभा होता. तपासणीच्या दिवशी तो स्वतः त्या लिफ्टमध्ये हजर होता. न वाचलेल्या परिच्छेदात त्याने लिहिले होते, की लिफ्ट तीन वेळा खालीवर नेण्यात आली आणि तिन्ही वेळा कोणताही आवाज आला नाही. सबब तक्रारदार बाईंचे म्हणणे कल्पनेतून आलेले असावे.

निघताना आईने दारातून ओरडून डबा, छत्री आणि चष्मा यांची नावे घेतली. ती अलीकडे सगळेच ओरडून बोले. दहा वर्षांत तिचा आवाज रोज केसभर वर चढत गेला होता, इतका हळू की घरात कुणाला तो चढलेला कळला नाही. पाहुणे आले की मात्र ते हळूच विचारत की काही भांडण वगैरे झाले का.

कचेरीत पोचल्यावर कळले की अर्ज घेणारे साहेब तीनशिवाय यायचे नाहीत. हातात पावणेतीन तास होते. रस्त्यापलीकडे तो नवा मनोरा उभा होता, बहात्तर मजल्यांचा, ज्याच्या माथ्यावर शहर बघण्यासाठी काचेचा सज्जा केला होता आणि ज्याची छायाचित्रे वर्षभर सगळ्या भिंतींवर लागली होती. त्याला उंचीचे आकर्षण नव्हते. गर्दीत तिकीट मागायचे म्हटले तरी त्याच्या तळहातांना घाम सुटे. पण वडील मान मागे टाकून मनोऱ्याकडे असे बघत होते, जशी लग्नाच्या मांडवात एखाद्या ओळखीच्या घरची मुलगी बघावी. लोक वर शहर बघायला जातात, आपण लिफ्ट बघायला जाऊ, असे ते म्हणाले. बहात्तर मजले एका दमात चढणारी लिफ्ट बघितल्याशिवाय मेलो तर माझा आत्मा खड्ड्यात लोंबकळत राहील. कित्येक महिन्यांत त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता. त्याने तिकिटे काढली.

लिफ्टमध्ये ते चौदा जण होते. गणवेशातल्या एका मुलीने पाठ केलेल्या गोड आवाजात सांगितले की वर जाताना कानांना दडे बसतील, तेव्हा आवंढा गिळत राहावे. वडिलांचे तिच्याकडे लक्ष नव्हते. त्यांनी खिशातून एक नाणे काढले, वाकून ते जमिनीवर कडेवर उभे केले आणि हात झटकून सरळ झाले. सगळ्यांनी पाय आवरले. मुलीची तारांबळ उडाली. काका, हे काय करताय, असे तिने विचारले, तर त्याने लाजून वडिलांच्या वतीने खुलासा केला, की मिस्त्री लोक लिफ्टची चाल अशीच बघतात, नाणे पडले नाही तर चाल चांगली. दारे मिटली. आकडे पळू लागले. नाणे उभेच राहिले, आणि चौदाही जणांचे डोळे त्या एका नाण्यावर खिळले, जणू त्या सर्वांचे काहीतरी त्याच्या कडेवर उभे होते. वडिलांनी आपला रुंद, वंगणाने कायमचा काळवंडलेला तळहात लिफ्टच्या भिंतीला लावला. चार वर्षांत वाकलेले त्यांचे खांदे त्याच्या डोळ्यांदेखत सरळ झाले. त्याला वाटले, हा अर्ज आपण बरोबर केला. या माणसाला निष्काळजी म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन हे बघावे.

साठावा मजला मागे पडला असेल नसेल, तोच ती शिट्टी सुरू झाली. दारांच्या फटीतून येणारी, सुईसारखी बारीक, वर वर चढत जाणारी. एका लहान मुलीने दोन्ही कान दाबले. तिच्या आईने तोंड वाकडे केले, एक म्हातारे गृहस्थ दातांना कळ लागल्यासारखे कळवळले, आणि त्याचेही खांदे आपोआप कानांपर्यंत वर गेले. गणवेशातल्या मुलीने हसून माफी मागितली. घाबरण्यासारखे काही नाही, वारा असला की असे वाजते, चार दिवस झाले कळवून, पण अजून कुणी आलेले नाही. लिफ्ट थांबली. शिट्टी थांबली. भिंतीवरचा तळहात न काढता वडील त्याच्याकडे वळले. त्यांचा चेहरा तृप्त होता.

"काय मुकी चालते बघ," ते म्हणाले.

"हो," तो म्हणाला.

हा 'हो' त्याच्या तोंडून इतक्या सहज गेला की त्याचे त्यालाच दचकायला झाले. दारे उघडली, माणसे उजेडात सांडली, आणि तोही त्यांच्यामागे सज्ज्यात आला. पण तो शब्द मागे लिफ्टमध्ये राहिला नाही, त्याच्याबरोबर चालत आला. काचेपलीकडे शहर पसरले होते. दुपारच्या उन्हात ते खरे वाटत नव्हते. कुणीतरी घाईने मांडून ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांसारखे दिसत होते. रस्ते दोऱ्यांसारखे, गाड्या तीळ सांडावेत तशा, आणि माणसे तर नव्हतीच. लोक काचेला नाक लावून आपापली घरे शोधत होते. ती बघ आपली गल्ली, असे एकजण बायकोला सांगत होता. बायको म्हणत होती की ती आपली नव्हेच, आपल्या गल्लीत एवढी झाडे कुठली. इतक्या उंचीवरून कशाचाच आवाज येत नाही, हे त्याच्या हळूहळू लक्षात आले. खाली हॉर्न वाजत असतील, दुकानांची दारे खडखडत असतील, कुणी कुणाला हाका मारीत असेल. पण काच मध्ये होती, आणि काचेपलीकडे सगळे घडत असूनही जणू काहीच घडत नव्हते. वडील रोज असेच जग बघत असतील का? हा विचार आला आणि त्याने तो लगेच, कपड्यावर बसलेला किडा झटकावा तसा झटकला.

वडील इमारती बघत नव्हते. ते गच्च्या बघत होते. प्रत्येक गच्चीवर यंत्राची एक लहानशी खोली होती, आणि काचेवर बोट टेकवून ते एकेकीची ओळख सांगत होते. ही माझी, हिचं यंत्र फार गुणी. ती माझी, ती थंडीत रुसते. त्या पलीकडच्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये दोन मुलं जन्मली, दोन्ही मुली. त्यांच्या आवाजात, खूप दिवसांनी माहेरची माणसे दिसावीत तसा एक पाझर होता. मग बोट एका हिरव्या टाकीच्या गच्चीवर गेले आणि तिथे थांबले.

त्यानेही ती ओळखली होती. तपासणीच्या दिवशी वडील घरी विसरलेला चष्मा द्यायला तो तिथे गेला होता. वडील नुकतेच वरच्या खोलीतून उतरले होते. पेचकस लावून, डोळे मिटून त्यांनी यंत्र ऐकले होते आणि त्यांना त्यात खोट सापडली नव्हती. बाईंच्या गळ्यात मोजपट्टी होती, ओठांत दोन टाचण्या धरलेल्या. टाचण्या काढून त्या म्हणाल्या होत्या, की शिलाईत सुई मोडून आत अडकली की मशीन कसे कण्हते, अगदी तसे. मग तिघे लिफ्टमध्ये शिरले. पहिल्यांदा वर. बाई म्हणाल्या, आत्ता, ऐकलंत? वडील म्हणाले, काही नाही हो बाई. दुसऱ्यांदा वर. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाईंनी वडिलांना विचारलेच नाही. त्या त्याच्याकडे वळल्या. तरुण माणसाचे कान चांगले असतात, तुम्ही सांगा, असे त्या म्हणाल्या. आणि त्याने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले होते. तो चेहरा शांत होता, पाण्यासारखा. उभ्या जन्मात ज्या कानांना कधी कुणी खोटे पाडले नव्हते त्या कानांनी काही ऐकले नसेल, तर तिथे काही नसलेच पाहिजे. आपल्या डोक्यात दिवसभर छापखाना घरघरत असतो, त्यातलेच काहीतरी असेल. "नाही," तो म्हणाला होता. वडिलांचे हात वंगणाने भरलेले होते, म्हणून वहीत नोंदही त्यानेच केली, वडिलांनी बोटे पुसून फक्त सही केली. वडिलांनी सांगितले, त्याने लिहिले. वळणदार अक्षरात, पूर्णविरामासकट.

नंतर एकदा त्याला बाई रस्त्यात दिसल्या होत्या, काखेत कुबडी, हातात भाजीची पिशवी. त्याने पलीकडच्या पदपथाकडे पाऊल टाकले, पण त्यांनी हाक मारली. त्या रागावतील, निदान कुत्सितपणे काही बोलतील, अशी त्याने मनाची तयारी केली होती; पण त्यांनी एवढेच विचारले की बाबा बरे आहेत ना, त्यांना म्हणावे फार मनाला लावून घेऊ नका. पायाने चालवायचे मशीन त्यांनी विकले होते. हाताचे घेतले आहे, वेळ लागतो, पण टाके सरळ येतात, असे त्या म्हणाल्या. त्या रात्री त्याला बाईंचा विलक्षण संताप आला होता. त्या खोटे बोलल्या म्हणून, असे त्याने तेव्हा ठरवले. संतापाला काहीतरी कारण द्यावे लागते. ते दिले की मग तीन महिने अर्ज लिहिता येतो.

त्याच्या हातातली पिशवी एकाएकी जड झाली. वडील त्याच्यापुढे दोन पावलांवर पाठमोरे उभे होते. त्यांच्या कानांवर आता थेट ऊन होते, पण ते उजळले नव्हते. नुसतेच दोन जुने, केसाळ, सुरकुतलेले कान होते. त्याने हळूच हाक मारली, "बाबा." मग जरा मोठ्याने. शेजारच्या बाईने वळून पाहिले. वडील हिरव्या टाकीकडे बघत राहिले. हात पुढे करून त्यांच्या खांद्याला स्पर्श करावा, घरात सगळे करतात तसा, म्हणून त्याने हात उचलला. आणि आपण सगळेच गेली कित्येक वर्षे त्यांच्याशी बोलण्याआधी त्यांच्या खांद्याला हात लावतो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसले. हात तसाच हवेत राहिला.

काचेत त्याचे प्रतिबिंब पडले असावे, कारण वडीलच वळले. बाकावर बसू म्हणाले. दोघे बसले. बराच वेळ ते पँटवरचा नसलेला धागा वेचत राहिले, आणि मग खालीच बघत म्हणाले की लिफ्टचे दार आरशासारखे घासलेले होते. त्यात सगळे दिसत होते.

"त्या पोरीनं कान दाबले. म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं. तू पण केलंस." त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. "आणि मला 'हो' म्हणालास."

त्याने पिशवी मांडीवर घेतली.

"कसला आवाज होता?"

वाऱ्याची शिट्टी होती, असे त्याने सांगितले. बारीक, पण खूप मोठी. वडिलांनी मान हलवली. एखाद्या यंत्राचे निदान ऐकावे तशी, तक्रार न करता. बारीक आवाज आधी जातात, ते म्हणाले. जाड असतात ते हाडातून येतात, हातातून येतात, त्यांच्यावर त्यांनी सात-आठ वर्षे निभावून नेले. कुणाला सांगणार? कानसेनाने कुठल्या तोंडाने सांगावे? तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही, असे त्यांनी म्हटले, आणि मग स्वतःशीच हसून म्हणाले की तिला माहीत नसेल तर ती एवढी ओरडते कशाला.

समोरून एक कुटुंब छायाचित्र काढून घेत गेले. खाली कुठेतरी ते साहेब आता आपल्या कचेरीत येऊन बसले असतील, त्यांच्या टेबलावर शिक्का आणि शाई असेल, आणि अर्ज पिशवीत होता. अजून देता आला असता. त्यात एकही चूक नव्हती, त्याने चार वेळा तपासला होता.

"त्या दिवशी बाईनं तुला विचारलं," वडील म्हणाले, "तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. मला पण तेच विचारायचं होतं. तू 'होय' म्हणाला असतास तर मी वर जाऊन ब्रेक उघडणार होतो. तू 'नाही' म्हणालास. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझा काही दोष नाही रे. कान माझे होते, सही माझी होती. पण एवढी चार वर्षं मी तुला विचारलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस. सकाळी अर्ज वाचताना शेवटी तू थांबलास. राहिलं होतं ना काही?"

"हो."

"तुझंच असणार."

त्याने मान हलवली.

वडील त्याच्याकडे पूर्ण वळले. त्यांचे डोळे त्याच्या डोळ्यांवर नव्हते. ते किंचित खाली, त्याच्या ओठांवर स्थिर झाले होते, आणि त्याला कळले की ते कायम तिथेच असत; त्यालाच तो आजवर माया समजत आला होता. आवाज चढवायची गरज नव्हती. फक्त शब्द नीट, सावकाश उच्चारायचे होते.

"त्या लिफ्टमध्ये?" वडिलांनी विचारले.

त्या लिफ्टमध्ये आवाज येत होता, असे त्याने एकेक शब्द उच्चारत सांगितले. त्याने तो तिन्ही वेळा ऐकला होता.